राखून न ठेवलेला डाव

१९ फेब्रुवारी २०२० ची रात्र. शिवजयंतीची मिरवणूक अर्जुनी मोरगावच्या बाजारातून पुढे सरकली होती आणि तिच्या ढोलांचा आवाज स्टेशनच्या अंगाने अजून ऐकू येत होता. मी एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात उभा होतो. काउंटरवर उघडलेल्या फोनांचा आणि बारक्या स्क्रूंचा पसारा होता. त्यातच एक धड फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता आणि त्यावर जमशेदपूरचा सामना चालू होता. आम्ही पाच जण होतो. एफसी गोवा संघाने पाचवा गोल केला तेव्हा दुकानाचा मालक, विशीतला पोरगा, स्टुलावरून उठून नाचला. ५-०. इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत गोवा पहिला आला होता. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या मुख्य गटांत थेट जाणारा पहिला भारतीय क्लब तो ठरला होता.

मैदानावर मिठ्या सुरू झाल्या. पोरगा फोनच्या इतका जवळ गेला की आम्हाला काही दिसेना. कुणीतरी त्याला मागे ओढलं.

"काय पाहून राहिला बे?"

"कोचले शोधून राहिलो," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच आठवलं. "तो तं नाई ना जी. त्याले तं काढलं."

सेर्जिओ लोबेरा. स्पेनच्या झारागोझाचा माणूस. जानेवारी संपता संपता क्लबने त्याला काढलं, त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. संघ तक्त्यात अगदी वर होता, १५ सामन्यांत ३० गुण होते आणि फक्त ३ सामने उरले होते. धान पिकून उभं आहे, कापणीला चार दिवस आहेत आणि पेरणी करणाऱ्याला बांधावरून खाली उतरवलं, असं त्या वेळी आमच्यापैकी एकजण म्हणाला होता. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. आम्हाला दुसरी उपमा सुचत नाही.

हजारभर किलोमीटरवरच्या एका क्लबचा प्रशिक्षक गेला म्हणून गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला पाच माणसं हळहळतात, हे मला तेव्हाही विलक्षण वाटलं होतं. ती हळहळ पाच वर्षांनीही गेली नाही, म्हणून हा लेख.

आमच्याकडे कबड्डी, शंकरपट आणि दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. फुटबॉलची वाट आमच्या तालुक्यात आली ती गोठणगावकडून. तिथे इटियाडोह धरणाच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग, पण आम्ही सगळे तिबेट कॅम्पच म्हणतो. हिवाळ्यात तिथली माणसं स्वेटर विकायला शहरांत जातात आणि उरलेल्या वर्षात शेती करतात. फुटबॉल हा त्यांच्या जगण्यातला भाग आहे. दलाई लामांच्या आईच्या स्मरणार्थ खेळला जाणारा ग्यालयुम चेन्मो गोल्ड कप देशभरातल्या तिबेटी वसाहतींना एकत्र आणतो. त्याबद्दल कॅम्पातली माणसं आपण पोळ्याबद्दल बोलावं तशी बोलतात. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला कॅम्पातल्या माझ्या मित्राने मातीत काडीने रेघा ओढून समजावलं होतं.

गोव्याची आवड मात्र जंगलामुळे लागली. एफसी गोवाचं चिन्ह गवा आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि आमच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातलाही. पहाटेच्या धुक्यात रस्त्यावर उभा ठाकलेला रानगवा ज्याने पाहिला आहे त्याला तो शर्टावर पाहून परका वाटत नाही. टीव्हीवर कुठला संघ आपला म्हणायचा, असा प्रश्न २०१४ मध्ये आमच्यापुढे आला, तेव्हा दुकानातल्या पोराने, तेव्हा तो शाळेत होता, गव्याकडे बोट दाखवलं. बस, ठरलं.

पहिली तीन वर्षं ब्राझीलचा झिको प्रशिक्षक होता. मोठं नाव. २०१५ चा अंतिम सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाला आणि शेवटच्या काही मिनिटांत तो हातातून गेला. चेन्नईने ३-२ ने नेला. पुढच्या वर्षी गोवा सगळ्यात खाली. २०१७ मध्ये लोबेरा आला तेव्हा तो कोण हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. बार्सिलोनाच्या तरुण संघांत घडलेला, लास पाल्मास सांभाळलेला, मोरोक्कोच्या मोघरेब तेतुआन क्लबकडून आलेला चाळिशीचा माणूस. मोरोक्कोतल्या ओळखीचे खेळाडूही त्याने पुढे आणले: मधल्या फळीतला अहमद जाहू, ताडासारखा उंच बचावपटू मुर्तदा फाल, आणि चेंडू पायाला चिकटवून पळणारा ह्यूगो बुमू.

त्या हिवाळ्यात आम्ही जे पाहिलं ते आधी पाहिलं नव्हतं. चेंडू गोलकीपरच्या पायात आला की तो लांब भिरकावून द्यायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. इथे गोलकीपर शेजारच्याला हळूच द्यायचा. तो पुन्हा मागे. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत आणि आमचा जीव खाली-वर होई. दुकानात कुणीतरी ओरडे, "अरे मार ना लांब!" पण लांब कुणी मारत नसे. चार-पाच छोटे पास, आणि अचानक समोर मोकळं रान, त्यात फेरान कोरोमिनास पळतोय. त्याला सगळे कोरो म्हणत. बंगळुरूविरुद्ध ४-३, केरळविरुद्ध ५-२. दोन्ही वेळा कोरोची हॅट्‌ट्रिक. त्या मोसमात साखळीच्या १८ सामन्यांत गोव्याने ४२ गोल केले आणि २८ खाल्ले. दुसरा आकडाही मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यावरूनच भांडण आहे.

२०२५ च्या मे महिन्यात मी गोव्याला गेलो. नुकताच, ३ मे ला, गोव्याने भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप दुसऱ्यांदा जिंकला होता. म्हटलं, आनंदात असलेल्या माणसांना जुन्या दुःखाबद्दल विचारावं. ती जास्त खरं बोलतील. अर्जुनीहून गोंदिया, आणि गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस, जी अख्खा महाराष्ट्र आडवा कापत दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचते. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. आमच्याकडे झाडाखाली पानांचे पुडे बांधत बसलेल्या बाया सोडून निघालो होतो, आणि पंचगंगेच्या काठी उतरलो तेव्हा वेगळ्याच हवेत आलो होतो.

कोल्हापूरला एक दिवस थांबलो. महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारं शहर हेच. आणि तिथल्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्या पेठांनी तोच अभिमान गवतावर नेला. शाहू स्टेडियमजवळ चहाच्या टपरीवर कान मोडलेले, सत्तरीच्या पुढचे एक पैलवान भेटले. ऐन उमेदीत कुस्ती, मग पेठेच्या फुटबॉलचा नाद. मी त्यांना लोबेराची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते.

"वस्तादाला कोण काढणार वो?" ते म्हणाले. "पैलवान तालीम सोडून जाईल. वस्ताद कुठं जातोय?"

मी म्हटलं, हा पगारी माणूस. करार संपला की संपलं.

ते थोडा वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी पुढचे सहा दिवस खिशात घेऊन हिंडलो. "मग एवढं सांगा, त्यानं एक डाव राखून ठेवला हुता का सगळे दिले?"

कुस्तीतली ही गोष्ट मराठी माणसाला सांगावी लागत नाही. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक सोडून. पठ्ठ्या उलटला तर त्या एका डावासाठी.

मडगावात उतरल्यावर आधी फातोर्डाला गेलो. मैदान बंद होतं. गेटच्या जाळीतून गवताचा एक तुकडा आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या. सामना नसताना स्टेडियम पाहणं म्हणजे मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाटकाचा मंडप पाहणं. तिथेच एक तरुण भेटला. शेजारच्या वाड्यावरच्या संघातून तो स्वतः बचावात खेळतो. पहिल्याच वाक्यात त्याने मला सांगितलं की लोबेराला काढलं ते बरोबर होतं.

हे ऐकायला मी तयार नव्हतो, म्हणून नीट ऐकलं. त्याचं म्हणणं असं. हा माणूस साखळीत सुंदर खेळवायचा आणि बाद फेरीत हरायचा. २०१८ च्या उपांत्य सामन्यात चेन्नईत ३-० ने वाताहत. २०१९ चा अंतिम सामना मुंबईत अंधेरीला बंगळुरूशी झाला, तो जादा वेळ संपायला तीन-चार मिनिटं असताना गेला. कॉर्नरवर मुंबईच्याच राहुल भेकेने डोकं लावलं आणि १-०. हा तरुण त्या सामन्याला रेल्वेने गेला होता आणि परतीच्या प्रवासात मडगावपर्यंत डब्यात कुणी बोललं नाही. "सगळे पुढे जातात," तो म्हणाला. "दोन्ही बाजूचे बॅक पुढे. मागे दोन माणसं आणि अर्धं मैदान मोकळं. मी बॅक खेळतो, मला ठाऊक आहे तिथे उभं राहणं काय असतं." त्याच्या बोलण्यात राग होता, पण तो उडत्या कारणांचा नव्हता. मैदानावर स्वतः धापा टाकलेल्या माणसाचा होता. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, की एप्रिल २०१९ चा सुपर कप मात्र खरा. चेन्नईला २-१. कोरो आणि ब्रँडन फर्नांडिस. क्लबचा पहिला मोठा चषक. "त्या दिवशी आम्ही पण लोबेराचं नाव घेऊन ओरडलो. खोटं कशाला बोलू?"

त्याचं एक गाऱ्हाणं मात्र मला वेगळं वाटलं. लोबेराला काढलं याचं त्याला दुःख नाही, तो नंतर कुठे गेला याचं आहे. ते पुढे येईल.

डिचोलीच्या एका कदंब बस वाहकाशी पणजीच्या स्थानकावर बोलणं झालं. मराठी पेपर घडी करून खिशात ठेवलेला, कपाळाला गंध. तो लोबेराबद्दल जवळजवळ काहीच बोलला नाही, बोलला मंदार राव देसाईबद्दल. मंदार मूळचा डावीकडून पुढे खेळणारा, चढाई करणारा पोरगा. लोबेराने त्याला मागे आणलं, डावा बॅक केलं. वाहकाच्या घरी त्या वेळी यावरून वाद झाला होता, कारण त्याला वाटलं आपल्या पोराला मागे टाकलं. मग पाहिलं तर तोच मंदार मागून धावत येऊन पहिल्यापेक्षा जास्त वेळा पुढे असायचा. "आमची पोरं बाहेरच्यांच्या बरोबरीनं चेंडू मागायला लागली," तो म्हणाला. "आधी ती द्यायची फक्त."

हे वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं आणि तिथेच लिहून घेतलं. गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास थोडा जरी माहीत असेल तरी या वाक्याचं वजन कळतं. हा प्रदेश भारताला धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, वास्को असे संघ देणारा. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने राष्ट्रीय पातळीवरची पाच विजेतेपदं जिंकली, आणि त्या संघाचा कणा गोव्याच्या पोरांचा होता. मग २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. समोर राहिला तो एफसी गोवा, नव्या पैशाचा, टीव्हीवरचा क्लब. जुन्या चाहत्यांना तो आपला वाटायला वेळ लागला. लोबेराच्या संघातले ब्रँडन, मंदार, सेरिटन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज यांच्याकडे बघून तो वाटायला लागला, असं मला एकाहून अधिक माणसांनी सांगितलं. स्पेनमधल्या माणसाने गोव्याच्या माणसाला गोव्याचा क्लब मिळवून दिला, असं काहीसं घडलं होतं.

लोबेराला का काढलं याबद्दल मला या प्रवासात बरंच ऐकवलं गेलं. ते सगळं वहीत आहे आणि वहीतच राहील. बंद दाराआडचं भांडण दाराबाहेरच्या माणसांच्या तोंडून छापणं मला पटत नाही. माझा विषय दाराबाहेरची माणसं हाच आहे. त्यांना काय वाटलं, एवढंच मी विचारत होतो.

आता क्लिफर्ड मिरांडाबद्दल. लोबेरा गेल्यावर उरलेल्या सामन्यांची जबाबदारी त्याच्यावर आली. तो गोव्याचाच, धेंपोच्या सोनेरी वर्षांत खेळलेला. त्याने तीन सामने खेळवले: हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन सामने, १४ गोल, ९ गुण. एकूण ३९ गुण आणि ४६ गोल घेऊन गोवा पहिला. ही १४ गोलांची मालमत्ता कुणाची?

आमच्या नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पूर्व विदर्भातले असंख्य तलाव कोहळी समाजाने बांधले. पाळ कुठे घालायची, सलंग, म्हणजे जादा पाण्याची वाट, कुठे काढायचा, हे त्यांना मातीकडे बघून कळायचं. तलावाखाली पिढ्यान्‌पिढ्या धान पिकलं आणि ते कापणारे वेगळे होते. पाणी वाटणारा पाणकर वेगळा होता. पण पाणकराने एक रात्र डोळा लावला तर पाळ फुटते, हेही आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मिरांडाने ते तीन आठवडे डोळा लावला नाही. वरचा माणूस एका रात्रीत गेलेला, ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याच हाताने आलेले परदेशी खेळाडू बसलेले, त्यांना धरून ठेवणं आणि तसंच खेळवत राहणं हे साधं काम नव्हतं. मला वाटतं त्याच्या वाट्याला साखळीच्या चषकातलं कमी श्रेय आलं. उपांत्य फेरीत चेन्नईने तिकडे ४-१ ने मारलं, फातोर्ड्यात गोवा ४-२ ने जिंकूनही एकूण ६-५ ने बाहेर गेला, आणि लोकांना तेवढंच आठवतं.

पुढे नियतीने या दोघांची गाठ पुन्हा घातली. २०२३ मध्ये मिरांडाने हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, आणि त्यानंतर ओडिशाने नवा कायम प्रशिक्षक नेमला तो सेर्जिओ लोबेरा. गोव्यात एकाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली होती, भुवनेश्वरमध्ये दुसऱ्याची पहिल्याला.

इंग्लंडमध्ये लेस्टरने २०१६ साली कुणी स्वप्नातही आणलं नव्हतं असं विजेतेपद मिळवलं आणि २०१७ च्या फेब्रुवारीत, नऊ महिन्यांत, ते मिळवून देणाऱ्या क्लॉदिओ रानिएरीला काढलं. पण तिथे निदान संघ घसरणीला लागला होता. अव्वल असताना, शेवटच्या वळणावर काढलेला प्रशिक्षक मला दुसरा चटकन आठवत नाही.

फोंड्याचे काका मला शेवटी भेटले. बँकेतून निवृत्त. त्यांची मुलगी मडगावला नोकरी करते आणि दोघं मिळून सामने पाहतात. घर डोंगराच्या उतारावर, अंगणात फणस पिकल्याचा वास. काकांनी माझ्यापुढे एक चपलांचा खोका ठेवला. त्यात तिकिटं होती. धेंपोच्या काळातली फिकट झालेली, आणि २०१७ पासूनची सगळी. मुलीने त्यावर पेनने निकाल लिहिलेले होते. ऑक्टोबर २०१८ च्या एका तिकिटावर लिहिलं होतं, मुंबई ५-०, आणि खाली दोनदा रेघ मारलेली.

त्यांना मी कोल्हापूरचा प्रश्न विचारला. डाव राखून ठेवला होता का?

काका लगेच म्हणाले, नाही. सगळं देऊन गेला. नाहीतर त्याच्याशिवाय १४ गोल कसे झाले असते? खेळाडूंना ठाऊक होतं कुणी कुठे उभं राहायचं. मास्तर शाळेतून गेला तरी पाढे राहतात.

"बाबा, थांबा," मुलगी म्हणाली. "मुंबईचं सांगा ना त्यांना."

आणि मग ते आलं, ज्याबद्दल फातोर्ड्याचा तरुण तोडून बोलला होता, कदंबाचा वाहक बोललाच नव्हता.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये लोबेरा मुंबई सिटीचा प्रशिक्षक झाला. त्याच्यामागून गोव्याहून जाहू गेला, फाल गेला, बुमू गेला. आणि मंदार गेला, जो २०१४ पासून, क्लब जन्मला तेव्हापासून, गोव्याचा होता. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यातच खेळला गेला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, प्रेक्षकांविना. म्हणजे सामने आपल्या गावात आणि आपण घरात. काका सांगत होते की एका संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. ते स्कूटर घेऊन बांबोळीपर्यंत गेले, रस्त्यावरून फ्लडलाइटचा उजेड पाहिला आणि परत आले.

मार्च २०२१ च्या उपांत्य फेरीत मुंबईसमोर गोवा. पहिला सामना २-२. मुंबईचे दोन्ही गोल कुणी केले? बुमूने आणि फालने. काकांनी ही दोन नावं बोटं मोडून सांगितली. दुसरा सामना ०-०. जादा वेळातही काही नाही. मग पेनल्टी. एकेक करत दोन्ही बाजूंच्या पेनल्टी होत गेल्या, ५-५ झाले, आणि शेवटची निर्णायक किक घ्यायला मुंबईकडून आला रॉलिन बोर्जेस, गोव्याचाच पोर. त्याने ती आत घातली. मुंबई ६-५. पाच दिवसांनी फातोर्ड्यावर अंतिम सामना झाला, मोहन बागानविरुद्ध २-१, बिपिन सिंगचा शेवटच्या मिनिटाचा गोल. साखळीचा चषक मुंबईने आधीच घेतला होता. जे लोबेराला गोव्यात तीन वर्षांत एकत्र मिळालं नाही, ते दोन्ही त्याने मुंबईला पहिल्याच वर्षी दिलं, तेही गोव्याच्या मातीत.

"बघा," मुलगी म्हणाली, "डाव राखलेला होता."

काका मान हलवत राहिले. ते म्हणाले, राखलेला नव्हता. जे आम्हाला शिकवलं तेच तिकडे शिकवलं. गोलकीपरपासून छोटे पास, बाजूचे बॅक वर, तेच. आम्ही ओळखत होतो प्रत्येक चाल. पुढचा पास कुठे जाणार हे मी टीव्हीसमोर बोलून दाखवत होतो आणि तो तिथेच जात होता. तुम्हाला सांगतो, आपल्या घरचं भजन दुसऱ्याच्या देवळात ऐकल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी फणसाचे गरे पुढे केले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी विचारलं, की रॉलिनने ती किक मारली तेव्हा लोबेरा कसा दिसत होता? कॅमेरा त्याच्यावर गेला असणार.

काकांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी खोक्यातली तिकिटं सरळ करत होती. सगळ्यात वरचं, फेब्रुवारी २०२० चं, मुंबई ५-२ असं लिहिलेलं. लोबेरा नसतानाचं.

"आम्ही बघितलंच नाही," ती म्हणाली. "चेंडू जाळीत गेला आणि बाबांनी टीव्ही बंद केला. मी रागावले. मला वाटलं हरलो म्हणून बंद केला." तिने खोक्याचं झाकण लावलं. "ते म्हणाले, तो हसत असेल तर मला बघायचं नाही. आणि हसत नसेल तर मुळीच बघायचं नाही."